थोरलीची वेल

वेल माझी आहे. कुंपण त्यांचं, जमीन त्यांची, गोठाही त्यांचाच. पण वेल माझी आहे, आणि हे पहिल्याच ओळीत सांगून टाकते, कारण त्या घरात हे वाक्य मला कधी पुरं करू दिलं नाही.

गेल्या भाद्रपदात भंडारदऱ्याच्या बाजूला एका बंगल्यावर रोपं पोचवायची होती. कोपरगावाजवळ माझी नर्सरी आहे. स्वतःची. तिच्यात ना माहेरचा पैसा आहे ना सासरचा. परतताना टेम्पोचा ड्रायव्हर राजूरला जेवायला थांबला. त्याला म्हटलं, तू जेव, झोप काढ, मी दोन तासांत येते. बाजारपेठ ओलांडली, ओढ्यावरचा फरशीपूल ओलांडला आणि चढाची वाट धरून सासरच्या त्या वस्तीवर गेले. इतक्या वर्षांनी पाय तिकडे वळले ते मायेनं नव्हे. मला बघायचं होतं.

गोठ्यामागं पूर्वी कारवीच्या काठ्यांचं कुंपण होतं. आता सिमेंटचे खांब आहेत, तारा आहेत. आणि त्या तारांवर या टोकापासून त्या टोकापर्यंत निळी गोकर्ण. इतकी दाट की तार दिसत नाही. खाली वाळून काळ्या पडलेल्या शेंगा, त्यांच्या बुडाशी नवी रोपं. कुणी लावत नाही, कुणी पाणी घालत नाही, तरी ती आहे.

गोकर्णीला वास नसतो. पण मी भुरभुर पावसात तिथं उभी राहिले आणि मला धुराचा वास आला. भाद्रपदात राब कुठून जळणार? तरी आला.

वैशाखात तिकडं राब भाजतात. भाताचं रोप जिथं तयार करायचं त्या तुकड्यावर शेण, पालापाचोळा, तोडलेल्या फांद्या पसरायच्या, वर मातीचा पातळ थर द्यायचा आणि वारा बघून काडी लावायची. आठ-पंधरा दिवस डोंगराच्या उतारांवर काळे चौकोन उमटत राहत. धूर लुगड्यात, केसांत, भाकरीत. मी उसाच्या पट्ट्यातली. आमच्याकडं पाटाचं पाणी आणि कारखान्याच्या मळीचा वास. लग्न करून डोंगरात आले तेव्हा तो धुराचा वास मला आवडला होता. कबूल करते. आवडलं होतं बरंच काही. धुक्यात गुरांच्या गळ्यातल्या लाकडी घंटांचा टकटक आवाज. चुलीवर वाळत टाकलेल्या घोंगडीची ऊब. दुपारी ओट्यावर अक्का, माझी थोरली जाऊ, मला पुढ्यात बसवून केसांना तेल लावायची. तिच्या बोटांना लसणाचा वास असे. "तुज्या मायनं काय उसाची पाचट लावलीया व्हय डोक्याला," म्हणायची आणि गुंता सोडवायची, अगदी हळू, एकही केस न तोडता.

हे मी विसरलेले नाही. विसरले असते तर बरं झालं असतं.

राब भाजून झाले की आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, माळ्यावरून बियाण्यांची मडकी उतरवत. तोंडं शेणामातीनं लिंपलेली, आत राखेत वाल, घेवडा, दुधी, डांगर. मडक्याचं तोंड फोडलं की कोरड्या राखेचा गार वास घरभर. घरातल्या बायका गोल बसायच्या आणि आत्याबाई एकेकीच्या ओंजळीत बी घालायच्या. पहिल्या वर्षी नवी सून म्हणून पहिली ओंजळ माझी. दुसऱ्या वर्षी बी घालण्याआधी त्यांनी माझ्या पोटाकडं पाहिलं, मग घातलं. तिसऱ्या वर्षी मी ओंजळ पुढं केली तर म्हणाल्या, "तू ऱ्हाऊ दे. चुलीकडं बघ."

मला आधी कळलंच नाही. अक्कानं खाली बघत माझा हात बाजूला सारला, तेव्हा कळलं. ज्या बाईची कूस उजवली नाही तिच्या हातचं बी रुजत नाही, असं तिकडं मानत. शेजारच्या दोन बायका बसलेल्या होत्या. त्यांच्यादेखत मी विचारलं, "मग आवणीला कशी चालते मी? सगळं भाताचं रोप ह्याच हातांनी लावते की चिखलात."

आत्याबाई म्हणाल्या, "रोप जलमलेलं असतं."

बायका हसल्या. अक्का हसली नाही. कडेवरच्या धाकट्याचं नाक पुसत राहिली. त्या न हसण्यावर मी पुढं वर्षभर विसंबून राहिले. माणूस ओळखण्यात माझी चूक झाली ती तेवढी एकच. त्यानंतर झालेली नाही.

आमचे हे घरात असून नसल्यासारखे. "आई म्हनती तं ऐक ना," हे त्यांचं सगळ्या विषयांवरचं एकच मत.

त्याच आठवड्यात राजूरच्या बाजारात सुकटीच्या ओळीच्या टोकाला एक म्हातारी मुळ्या, हिरडे आणि बिया घेऊन बसलेली दिसली. तिच्या फडक्यावर काळपट, चकचकीत बियांचा एक लहानसा ढीग होता.

"कशाचं बी?"

"गोकर्नीचं. निळी हाय."

"रुजतं का?"

"न्हाई रुजत तं हितं काय वारा खाया बसलीया मी?"

माझ्या पिशवीत नुकताच घेतलेला वासाचा साबण होता. म्हातारीनं तो कागदावरूनच हुंगला आणि तिचे डोळे बदलले. मी ते बघितलं. समोरच्याचे डोळे बदलले की भाव आपल्या हातात येतो, हे मला तेव्हाही कुणी शिकवलेलं नव्हतं.

"ईस देते," ती म्हणाली.

"विसात साबणाचा कागद मिळेल."

"मंग किती?"

"तीस. आणि निवडून मी घेणार."

"लगीन झालंय का तुजं?"

"झालंय."

"मंग त्या पोराची कीव येती मला," म्हातारी म्हणाली आणि साबण कनवटीला लावला.

तीस बिया. ज्येष्ठात, सगळे रानात गेलेले असताना, गोठ्यामागच्या कुंपणालगत मी त्या वीत-वीत अंतरावर बोटानं खोचल्या. वस्तीत लपून काही होत नसे. संध्याकाळपर्यंत सगळ्यांना ठाऊक. मला वाटलं आत्याबाई उपटून काढायला सांगतील. त्यांनी तसलं काही केलं नाही. "लावू द्या तिला," म्हणाल्या. "दिसंल." म्हणजे पैज लागली. तिसांतली एक उगवली असती तरी पुढच्या वैशाखात मी त्या गोलात बसून ओंजळ पुढं करणार होते, आणि कोण नाही म्हणतं ते बघणार होते.

मग पाऊस, धुकं, पाऊस. डोंगरातला आषाढ ज्यानं पाहिलाय त्याला सांगायला नको. गोठ्याच्या दाराला बुरशी आली, घोंगडीला आली, पोरांच्या दप्तराला आली. कुजक्या ओंडक्यावर अळंबी उभी राहिली. कुंपणाच्या तोडलेल्या काठ्यांना डोळे फुटले. ओट्याच्या भेगेत सांडलेला भाताचा दाणा, तोसुद्धा पोपटी झाला. मी रोज शेण काढायच्या निमित्तानं मागं जाई आणि तीस जागा बघून येई. तीस जागा, आणि चिखल. आजूबाजूला जगातलं सगळं उगवत होतं.

आमच्या आवणीला वस्तीतल्या बायका आल्या होत्या. दुपारच्या भाकरीला सगळ्या ओट्यावर. आत्याबाई उठल्या, गोठ्यामागं गेल्या, आल्या तेव्हा त्यांच्या बोटाला माती होती. पदरानं एक बी पुसली आणि तळहातावर धरून सगळ्यांना दाखवली. काळी, चकचकीत, बाजारातून आणली तशी.

"बी शाबूत हाय," त्या म्हणाल्या. "मातीचा दोस न्हाई. पावसाचा न्हाई."

आत्याबाई हुशार होत्या. पुढचं वाक्य त्यांनी दुसरीसाठी सोडलं. कुणीतरी तोंडातला घास गिळून म्हणालं, "म्हंजी हाताचाच."

बी त्यांनी अंगणात फेकली. बायका पुन्हा चिखलात उतरल्या, मीही उतरले, आणि दिवस मावळेपर्यंत त्याच हातांनी त्यांच्या भाताची रोपं लावली. ती सगळी जगली. त्याबद्दल कुणी काही बोललं नाही.

संध्याकाळी फेकलेली बी शोधून काढली, आणि केसातल्या आकड्यानं कुंपणालगत उकरून बाकीच्याही. सव्वीस सापडल्या. धुतल्या, चिंधीत बांधल्या, ट्रंकेत कपड्यांखाली ठेवल्या. का ठेवल्या, तर टाकून दिल्या असत्या तर त्या म्हणाल्या ते खरं झालं असतं.

पुढच्या उन्हाळ्यात माहेरी कोपरगावला गेले होते. भावाच्या पोरी दारातल्या दगडी पायरीवर चिंचोके घासत बसलेल्या. आम्हीही लहानपणी घासायचो. एक बाजू घासून पांढरी करायची, मग ते फासे म्हणून टाकायचे, पांढरी किती पडली, काळी किती, त्यावर सोंगटी पुढं न्यायची. दिवसभर घर्र घर्र. जळकट, पिठूळ वास येतो घासलेल्या चिंचोक्याला. मोरीपाशी हात धुताना एक पांढरा चिंचोका दिसला, खेळातून घरंगळून आलेला. सांडपाण्यात पडून तो फुगला होता, उकलला होता आणि त्यातून बोटाएवढा कोंब वर आला होता. शेजारी तीन-चार न घासलेले चिंचोके तसेच, टणक, त्याच पाण्यात.

मी किती वेळ तिथं ओणवी होते कुणास ठाऊक. वहिनी म्हणाली, "काय हरवलं का?" मी म्हटलं, "सापडलं."

आज हे गुपित मी कुणाला सांगत नाही. गिऱ्हाईक तक्रार घेऊन येतं, बाई, गोकर्णीचं बी आणलं, रुजलंच नाही. मी म्हणते, रोप घेऊन जा. बी घासून लावायची असते हे सांगितलं तर रोप कोण घेईल? आता इथं लिहून बसले. असू दे.

सासरी परत आल्यावर त्या सव्वीस बिया ओट्याच्या कडेला घासल्या, प्रत्येकीची पाठ जराशी पांढरी होईतो. रात्रभर कोमट पाण्यात ठेवल्या. सकाळी त्या मोठ्या झाल्या होत्या, मऊ, आणि पाण्याला हिरवा, कच्च्या शेंगेचा वास. लावल्या. सहाव्या दिवशी पहिली माती उचलली गेली. आठव्या दिवशी तेवीस. दोन-दोन पानं, जोडलेल्या ओंजळीसारखी. मी त्यांच्यापुढं उकिडवी बसून हसत होते, एकटीच.

त्या दिवशी मी स्वतः सगळ्यांना बोलावलं. तीच चूक झाली, असं पुढं बरेच जण म्हणाले. गप्प राहायला हवं होतं म्हणे. मी कधी गप्प राहणाऱ्यांतली नव्हते. आत्याबाई आल्या, शेजारच्या बायका आल्या, अक्का आली, कडेवर पोर. सगळ्यांनी कुंपणालगत ती हिरवी ओळ बघितली. आत्याबाईंच्या चेहऱ्यावरचं काहीतरी हललं. मी ते बघितलं, त्या म्हातारीचे साबणापुढं बदललेले डोळे बघितले तसं. मग त्या म्हणाल्या, "थोरलीनं टाकलंय हे. मीच सांगितलं हुतं तिला, त्या जागंवर एक मूठ टाक म्हनून."

मी अक्काकडं बघितलं. सगळ्याच बघत होत्या. पोरानं तिचं मंगळसूत्र तोंडात धरलं होतं, ते तिनं सोडवलं.

"व्हय," अक्का म्हणाली.

एवढंच. का म्हणाली ते मी शोधत बसले नाही. ज्यांना शोधायचंय त्यांनी शोधावं. कारणं पुष्कळ सापडतात आणि सगळी तिच्याच सोयीची असतात.

मी ओरडले. शेणाचं घमेलं फेकलं, ते दगडावर आपटून पिचलं. काय काय बोलले ते आज आठवत नाही, पण वस्तीला आठवत राहिलं. माझा आवाज लक्षात राहिला, मुद्दा नाही राहिला. हे म्हणाले, "आई म्हनती तं ऱ्हाऊ दे ना." अक्का पोराला घेऊन आत गेली. त्यानंतर तिनं माझ्या केसांना हात लावला नाही, आणि मी लावू दिला नसता.

भाद्रपदात वेल फुलली. तसला निळा रंग मी पुन्हा कुठं पाहिला नाही, माझ्या नर्सरीतसुद्धा नाही. पहाटे धुकं इतकं की कुंपण दिसायचं नाही. नुसती फुलंच हवेत टांगलेली. आणि रोज सकाळी देवापुढून आत्याबाईंचा आवाज, "थोरलीच्या वेलीची चार फुलं आन गं." मलाच सांगायच्या. मीच जायची, मीच खुडायची, ओंजळीतून आणून द्यायची. बी नको होतं माझ्या हातचं, फूल चालायचं. शेजारची पोरं म्हणायला लागली, थोरलीची वेल. गुराखी म्हणायला लागले. एकदा माझ्याच तोंडून तसं निघालं, आणि त्या दिवशी मी जेवले नाही.

मार्गशीर्षात शेंगा वाळल्या. दुपारच्या उन्हात त्या आपोआप उकलतात, टक्क, पीळ खाऊन, आणि बी लांब उडते. मी भांडी घासत होते आणि मागं कुंपणावर टक्क, टक्क चाललेलं. त्या महिन्यात मी ते घर सोडलं. पुढं काय झालं, मला मूलबाळ झालं की नाही, ते मी इथं लिहिणार नाही. तेवढंच वाचायला लोक टपलेले असतात.

आत्याबाई गेल्याचं कळलं तेव्हा मी गेले नाही. मातीला जाऊन काय करणार होते?

तर गेल्या भाद्रपदात मी त्या तारेपाशी उभी, आणि मागून आवाज आला, "धाकटे?"

अक्का. पाठ वाकलेली, हातात काठी, डोळ्याला काळा चष्मा.

"म्हातारी झालीस," ती म्हणाली.

"तू कुठं तरणी राहिलीस." पूर्वी मी तिला अहोजाहो करत असे. आता तूच निघालं.

"वेल बघाया आलीस व्हय."

"माझीच आहे. बघायला कुणाची परवानगी?"

तिनं घराकडं एक नजर टाकली. ओट्यावर तिची सून आणि शेजारच्या दोघी घेवडा सोलत बसल्या होत्या. मग ती माझ्या अगदी जवळ आली आणि आवाज उतरवून म्हणाली, "ठाऊक हाय मला. म्या कुटं काय टाकलं हुतं. त्या दिसाआदी तं मी या कुपाकडं फिरकले बी न्हाई."

इतकी वर्षं मला हे वाक्य हवं होतं. मिळालं तेव्हा ते मळक्या नोटेसारखं, मुठीतून मुठीत, कुणाला न दिसता.

"हे तिकडं ओट्यावर बोल," मी म्हटलं. "तेव्हा चारचौघींत बोललीस ना. तसंच."

"त्या वक्ताचं कोन उरलंय आता?"

"तू उरलीस."

"मेलेल्या मानसाला खोटं पाडू व्हय, धाकटे?" ती म्हणाली. "चल, च्या घे. वल्ली झालीस." आणि काठी टेकत आत गेली.

मी ओट्यावर गेले. बसले नाही. त्या तिघींना म्हटलं, "ती मागची वेल मी लावलेली आहे. अक्कानं नाही. मी एकटीनं."

सुनेनं माझ्याकडं बघितलं, मग बाकीच्या दोघींकडं. चांगली पोर होती, तोंडावर हसू ठेवून होती. "असं व्हय," ती म्हणाली. "आमाला वाटलं, रानातनं आली आसंल."

"थोरलीची वेल म्हणत नाही तुम्ही हिला?"

"न्हाई वो. निळी वेल म्हनतो." तिनं मांडीवरची टरफलं झटकली. "मावशी, बी न्हेता का? लई पडतंय खाली."

म्हणजे ज्या नावासाठी माझं नाव पुसलं, ते नावसुद्धा कुणी जपलं नव्हतं.

सुनेनं आत तोंड करून अक्काला हाक मारली. "आत्याबाई, ह्या मावशी म्हनत्यात वेल त्यांनी लावलीया. खरं का?"

आत गाळणी भांड्याच्या कडेवर आपटल्याचा आवाज थांबला. थोड्या वेळानं अक्का दारात आली. एका हातात काठी, एका हातात कपबशी. तिघी तिच्याकडं बघत होत्या, मीही. तिला एकच शब्द बोलायचा होता, आणि तो कोणता ते तिला पक्कं ठाऊक होतं.

मी तिथंच उभी राहिले. सौदा अडला की मी अशीच उभी राहते, गप्प, समोरच्याच्या तोंडाकडं बघत. या गप्प उभं राहण्यापुढं नाशिकचे, पुण्याचे भलेभले व्यापारी फुटले आहेत. कपातून वाफ निघत होती, ती विरळ झाली, मग दिसेनाशी झाली. शेजारणीनं घेवडा सोलायचा थांबवला. अक्कानं काठी चौकटीला टेकवली आणि बशी दोन्ही हातांनी धरली.

चहावर साय धरली. मग मी चपला घातल्या.